लिने: एका चंद्रविवराचे दफ्तर

चंद्रबिंबाच्या उत्तर भागात, मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे, प्रसन्नतेचा सागर या नावाने तीन शतकांहून अधिक काळ नकाशांवर दाखल असलेले एक काळसर, जवळजवळ वर्तुळाकार मैदान आहे. त्यात पाण्याचा थेंब कधीही नव्हता. कोट्यवधी वर्षांपूर्वी पृष्ठभागावर पसरून थिजलेल्या बसाल्टच्या लाव्ह्याने ते भरलेले असून त्याची रुंदी सुमारे सातशे किलोमीटर आहे. या विस्तीर्ण मैदानाच्या पश्चिम बाजूस, आजूबाजूला लक्ष वेधून घेईल असे दुसरे काही नसल्यामुळे एकाकी भासणारा, एक लहानसा पांढुरका ठिपका दिसतो आणि त्या ठिपक्याच्या मध्यभागी सव्वादोन किलोमीटर व्यासाचे एक विवर आहे. स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनेअसच्या स्मरणार्थ त्याला लिने असे नाव पडले. कोपर्निकस किंवा टायको यांच्यासारख्या, ऐंशी-नव्वद किलोमीटर रुंदीच्या आणि साध्या दुर्बिणीतूनही डोळ्यांत भरणाऱ्या महाविवरांच्या मालिकेत त्याला स्थान मिळावे असे त्याच्यात काहीही नाही; आणि तरीही गेल्या दोनशे वर्षांत या क्षुद्र खळग्याविषयी जितका कागद काळा झाला, तितका त्याच्या शंभरपट मोठ्या विवरांच्या वाट्यालाही क्वचितच आला असेल. त्याचे कारण विवरात सापडत नाही. ते शोधायचे तर विवराविषयी ठेवल्या गेलेल्या नोंदींचे जुने दफ्तर उलगडावे लागते.

या दफ्तरातील पहिला विश्वसनीय कागद एका सरकारी अंमलदाराच्या हातचा आहे. योहान हिरोनिमस श्रोटर हा जर्मनीतील ब्रेमेन शहराजवळच्या लिलिएन्थाल या गावचा मुख्य अंमलदार होता; महसूल, फौजदारी आणि दिवाणी अशी तिन्ही कामे ज्याच्याकडे एकवटलेली असत, अशा जुन्या पठडीतील तो अधिकारी. दिवसा कचेरी आणि रात्री आकाश अशी विभागणी करून त्याने आपल्या निवासस्थानी वेधशाळा उभारली आणि चंद्राच्या पृष्ठभागाचे इतक्या चिकाटीने रेखाटन केले की चंद्राच्या सूक्ष्म निरीक्षणाचा आद्य प्रवर्तक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. त्याचा हात चित्रकाराचा नव्हता. त्याची रेखाटने ओबडधोबड आहेत आणि चंद्रावर वातावरण आहे, बदल घडतात, कदाचित वस्तीही असेल, अशा कल्पनांकडे त्याचा ओढा होता. परंतु १७८८ च्या नोव्हेंबरात त्याने या जागी जे पाहिले ते जसे दिसले तसेच नोंदवले: एक लहान, गोलसर, उजळ ठिपका आणि त्यात अस्पष्टसा खोलगटपणा. या नोंदीकडे पुढे अनेक वर्षे कोणी फिरकले नाही. १८१३ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने लिलिएन्थाल जाळले, तेव्हा श्रोटरच्या कागदपत्रांचा मोठा भाग भस्मसात झाला. त्याची छापलेली पुस्तके मात्र उरली, आणि लिनेसंबंधीची ती साक्ष त्यांच्यामुळे टिकली.

दुसरा कागद मोजणीदाराचा आहे, आणि मोजणीदाराच्या कागदाला अंमलदाराच्या कागदाहून अधिक वजन असावे हे स्वाभाविकच होते. विल्हेल्म लोरमान हा ड्रेस्डेन येथे सॅक्सनीच्या जमीनमोजणी खात्यात नोकरीस होता आणि पुढे तेथील तंत्रशाळेचा पहिला प्रमुख झाला. शेताच्या बांधाची आणि गावच्या शिवेची मोजणी करण्याची जी शिस्त त्याच्या अंगी मुरलेली होती, तीच त्याने चंद्रावर लावली. आधी ठळक स्थळांची स्थाने मापून निश्चित करायची आणि मग त्या चौकटीत बारकावे भरायचे, या पद्धतीने त्याने संपूर्ण दृश्य चंद्राचा पंचवीस तुकड्यांतला नकाशा योजला आणि त्यांपैकी पहिले चार तुकडे १८२४ मध्ये प्रसिद्ध केले. प्रसन्नतेच्या सागरातील या विवराविषयी तो लिहितो त्याचा आशय असा, की या मैदानात आकाराने ते दुसऱ्या क्रमांकाचे आहे, त्याचा व्यास एका जर्मन मैलाहून काहीसा अधिक, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेसात ते आठ किलोमीटर आहे, ते अतिशय खोल आहे, आणि सूर्यप्रकाश कोणत्याही कोनातून पडत असला तरी ते दिसते. लोरमानची दृष्टी पुढे अधू झाली, उरलेले तुकडे छापण्याचा योग त्याच्या हयातीत आला नाही आणि १८४० मध्ये तो वारला.

तिसरा कागद सर्वांत प्रतिष्ठेचा, आणि माझ्या मते सर्व घोटाळ्याचे मूळही त्यातच आहे. बर्लिनचा धनाढ्य पेढीवाला विल्हेल्म बेअर, जो संगीतकार मायरबेअरचा भाऊ होता, आणि त्याला ज्योतिषाची शिकवणी देणारा योहान हाइनरिख मेडलर, या दोघांनी बेअरच्या बंगल्यावर बांधलेल्या खासगी वेधशाळेतून कित्येक वर्षे चंद्राची मोजणी केली. आणि १८३४ ते १८३६ या काळात चार पानांवर त्यांचा जो नकाशा प्रसिद्ध झाला, त्याने आधीचे सारे नकाशे एका फटक्यात कालबाह्य केले. १८३७ मध्ये त्याला जोडून चंद्रावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. डोळा प्रामुख्याने मेडलरचा आणि पैसा बेअरचा होता, हे आता सर्वमान्य आहे. त्यांची दुर्बीण अवघ्या ९५ मिलिमीटर भिंगाची होती, आणि एवढ्याशा साधनातून त्यांनी जे साध्य केले ते पाहून आजही आश्चर्य वाटते. लिनेला त्यांनी आपल्या मोजणीतील महत्त्वाच्या स्थळांत घेतले, त्याचे स्थान पुन:पुन्हा मापले आणि त्याचा व्यास सुमारे दहा किलोमीटर असल्याचे नमूद केले.

या नकाशाचा अधिकार एवढा मोठा झाला की त्याच्यापुढे निरीक्षकांचे डोळे मिटले. बेअर आणि मेडलर यांचा निर्णय असा होता की चंद्र हे मृत जग आहे; तेथे वातावरण नाही, पाणी नाही, आणि बदल घडण्याची शक्यता नाही. आणि जे बदलत नाही व ज्याचा उत्तम नकाशा तयार आहे, ते पुन्हा कशाला पाहायचे? पुढची तीस वर्षे चंद्राकडे कसोशीने पाहणारी माणसे युरोपात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. उत्कृष्ट दफ्तराचा हा दुष्परिणाम सरकारी कचेऱ्यांच्या इतिहासातही वारंवार आढळतो: नोंद पक्की झाली की शिवारात जाऊन पाहणी करण्याची गरज कोणालाच वाटेनाशी होते.

त्या मोजक्या माणसांत योहान फ्रीडरिख यूलियुस श्मिट हा अग्रगण्य होता. १८२५ मध्ये उत्तर जर्मनीतील ऑयटिन येथे जन्मलेल्या या मुलाच्या हाती चौदाव्या वर्षी लिलावात घेतलेली श्रोटरच्या ग्रंथाची प्रत पडली, आणि त्या ओबडधोबड रेखाटनांनी त्याच्यावर अशी मोहिनी घातली की पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे तो चंद्राची रेखाटने करीत राहिला. जर्मनी आणि मोराव्हियातील वेधशाळांत उमेदवारी करून १८५८ मध्ये तो अथेन्सच्या वेधशाळेचा संचालक झाला. व्हिएन्नातील ग्रीक वंशाचा सावकार जॉर्जियोस सिनास याच्या देणगीतून अॅक्रोपोलिससमोरच्या टेकडीवर ही वेधशाळा १८४२ नंतरच्या काही वर्षांत उभी राहिली होती. वास्तू देखणी, साधने बेताची. तथापि ग्रीसचे आकाश निर्मळ आणि स्थिर असते, आणि सुमारे सहा इंच भिंगाच्या दुर्बिणीला त्या आकाशाने जी धार आणली ती बर्लिनच्या धुकट हवेत मेडलरच्या वाट्याला आली नसती.

श्मिटच्या चरित्रातील एक गोष्ट लिनेच्या कथेत सहसा सांगितली जात नाही, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. ज्वालामुखी हा त्याचा दुसरा ध्यास होता. १८५५ च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकाचे त्याने प्रत्यक्ष जाऊन निरीक्षण केले होते. आणि १८६६ च्या आरंभी एजियन समुद्रातील सांतोरिनी बेटांच्या मधोमध, जेथे पाण्याखाली एक प्राचीन ज्वालामुखी दडलेला आहे, तेथे नवा उद्रेक सुरू झाला, तेव्हा ग्रीक सरकारने पाठवलेल्या शास्त्रीय मंडळात श्मिटचाही समावेश होता. समुद्राचे पाणी उकळते, तळातून नवी भूमी वर येते, परवाच्या नकाशावरची किनाऱ्याची रेषा आज खोटी ठरते, असे दृश्य त्याने त्या वर्षी आपल्या डोळ्यांनी पाहिले. त्या काळी चंद्रावरची विवरे म्हणजे थंडावलेले ज्वालामुखी, यात जवळजवळ कोणालाही शंका नव्हती. अशा मनःस्थितीतला, अशा अनुभवातून नुकताच परतलेला मनुष्य त्याच वर्षाच्या शरद ऋतूत दुर्बिणीला डोळा लावतो आणि त्याला चंद्रावरचे एक विवर जागेवर दिसत नाही. तेव्हा त्याच्या मनात पहिला तर्क कोणता आला असेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

ती तारीख होती १६ ऑक्टोबर १८६६. चंद्र अर्ध्याच्या थोडा पुढे सरकलेला होता. लोरमान आणि मेडलर यांनी जेथे मोठे खोल विवर दाखवले होते, आणि जे आपण स्वतः पंचविशी गाठण्यापूर्वी, १८४० च्या दशकात पाहिल्याचे श्मिटला स्मरत होते, तेथे आता केवळ एक लहानसा, कडा विरलेला पांढरट मेघासारखा ठिपका होता. त्याने पुढील रात्री पुन्हा पाहिले, त्यापुढच्या चांद्रमासातही पाहिले. विवर नाही ते नाहीच. मग त्याने लंडनला विल्यम रॅडक्लिफ बर्ट यांना पत्र लिहिले, आणि काही आठवड्यांत युरोपातील अक्षरशः प्रत्येक बऱ्यापैकी दुर्बीण लिनेकडे वळली.

बर्ट हा या कथेतील कारकून आहे, आणि मी हा शब्द आदराने योजतो. विज्ञानाच्या प्रगतीसाठी स्थापन झालेल्या ब्रिटिश असोसिएशनने १८६४ मध्ये चंद्राच्या मोजणीसाठी एक समिती नेमली होती आणि बर्ट तिचा प्राण होता. दोनशे इंच व्यासाचा चंद्राचा नकाशा तयार करावा, त्याचे लहान लहान तुकडे पाडून वेगवेगळ्या निरीक्षकांना वाटून द्यावेत आणि प्रत्येक स्थळाची सटीप नोंदवही ठेवावी, अशी त्याची महत्त्वाकांक्षा होती. ती पुरी होणे शक्य नव्हते. परंतु श्मिटचे पत्र आले तेव्हा साक्षी घेणारी, त्या तारीखवार मांडणारी आणि एकमेकांशी ताडून पाहणारी यंत्रणा युरोपात फक्त याच माणसाजवळ तयार होती. धर्मोपदेशक आणि ज्योतिर्विद थॉमस वेब, वर्णपटशास्त्रात अग्रेसर असलेले विल्यम हगिन्स, दुहेरी ताऱ्यांचा मोजणीदार विल्यम डॉज, पॅरिसमधील तरुण कामिय फ्लामारियों अशा अनेकांनी आपापल्या दुर्बिणीतून लिने पाहिले आणि आपापले जबाब पाठवले. रोमच्या वेधशाळेतील येशूसंघीय पाद्री आन्जेलो सेक्की यांनी १८६७ च्या फेब्रुवारीत त्या पांढऱ्या ठिपक्याच्या पोटात एक अतिशय लहान विवर असल्याचे सांगितले. पुढे इतरांनाही ते दिसू लागले. म्हणजे विवर मुळीच नाहीसे झाले नव्हते. पण ते मेडलरने मापलेल्या विवराच्या चौथाई-पंचमांशाहून मोठे नव्हते. मग उरलेले कोठे गेले? लाव्ह्याने वा चिखलाने भरून गेले, कडा ढासळून आत पडली, उद्रेकातून निघालेल्या राखेने झाकले गेले, असे तर्क मांडले गेले. आणि ज्यांना चंद्रावर बदल घडतात हे सिद्ध व्हावेसे वाटत होते, त्यांना प्रत्येक तर्कात पुरावा दिसू लागला.

मेडलर तेव्हा हयात होता. सत्तरी ओलांडलेला, मोतीबिंदूच्या त्रासाने गांजलेला, दोर्पातच्या वेधशाळेतील नोकरीतून निवृत्त झालेला तो वृद्ध ज्योतिषी १८६७ च्या मे महिन्यात बॉनच्या वेधशाळेत गेला आणि तेथील दुर्बिणीतून त्याने लिने पाहिले. त्याचे म्हणणे असे पडले की १८३१ मध्ये मी पाहिले होते तसेच ते आजही दिसते, आकारही तोच आणि सावलीही तशीच. मूळ मोजणीदार स्वतः हजर राहून आपली नोंद कायम असल्याचे सांगतो, याहून वजनदार साक्ष कोणती असू शकते? परंतु वादात गुंतलेल्यांनी तिला फारसे महत्त्व दिले नाही. कोणी म्हाताऱ्याचे डोळे अधू झाल्याचे म्हटले, कोणी त्याच्या स्मृतीवर संशय घेतला. आणि खरे सांगायचे तर दोन्ही शंका अगदी निराधारही नव्हत्या. तरीही मला असे वाटते की एखाद्या सरहद्दीच्या तंट्यात जुन्या मोजणीदाराचा जबाब इतक्या सहजी बाजूला सारला गेला नसता.

खुलासा गणितात आहे, आणि तो त्या काळीही करता आला असता. सव्वादोन किलोमीटरचे विवर पृथ्वीवरून, चंद्राच्या सरासरी अंतरावर, जेमतेम १.२ विकला एवढ्या कोनाचे दिसते. ९५ मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीची दोन जवळजवळचे बिंदू वेगळे दाखवण्याची शक्तीही नेमकी तेवढीच, सुमारे १.२ विकला. म्हणजे लिने हे मेडलरच्या साधनाच्या अगदी सरहद्दीवर होते. ते आहे एवढे त्याला कळू शकत होते, पण त्याची कडा कोठे संपते आणि भोवतालचा उजळ पट्टा कोठे सुरू होतो हे सांगण्याचे सामर्थ्य त्या भिंगात नव्हते. विवर निर्माण होताना बाहेर फेकलेल्या ताज्या खडकांच्या चुऱ्याने त्याच्याभोवती एक पांढरे वलय तयार झालेले आहे, आणि त्या वलयाची रुंदी साधारण तेवढीच आहे जेवढा व्यास मेडलरने नोंदवला. त्याने वलय मापले आणि खाली विवर असे लिहिले, एवढाच दोष. मोजमाप चुकीचे नव्हते, रकाना चुकला. श्रोटरच्या १७८८ च्या नोंदीत उजळ ठिपका आणि अस्पष्ट खोलगटपणा असे जे दोन वेगळे घटक होते, ते खरे तर या तिघांतील सर्वांत यथार्थ वर्णन ठरते. आणि ज्याची कल्पनाशक्ती सर्वांत स्वैर म्हणून हिणवली गेली त्याच अंमलदाराचे ते आहे, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

याला सूर्याच्या उंचीचा भाग जोडला की चित्र पुरे होते. लिनेच्या जागी सूर्योदय होतो तो आपल्याकडे शुद्ध सप्तमीच्या सुमारास. त्या वेळी चंद्रावरील प्रकाश आणि अंधार यांची सीमारेषा लिनेजवळून जात असते, सूर्य क्षितिजालगत असतो, खळगा काळ्याभोर सावलीने भरून जातो आणि तो लहान असला तरी ठसठशीत वाटतो. एक-दोन तिथी पुढे गेल्या, सूर्य वर चढला, की सावली आक्रसते, वलयाचा पांढरेपणा प्रखर होतो आणि विवर त्यात बुडून जाते. पौर्णिमेला तर फक्त एक तेजस्वी ठिपका उरतो. वद्य सप्तमीच्या सुमारास तेथे सूर्यास्त होऊ लागतो तेव्हा तेच नाटक उलट क्रमाने घडते. ज्या रात्री श्मिटने पाहिले त्या रात्री सूर्य पुरेसा वर आलेला होता. महिन्यातून दोनदा विवर आणि उरलेला काळ ठिपका, ही लिनेची रीतच आहे. श्मिटसारख्या मुरलेल्या निरीक्षकाला हे माहीत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण आपल्या तारुण्यातील स्मृती, लोरमानचा शब्द आणि मेडलरचा आकडा या तिन्हींवर त्याने एकाच वेळी भरवसा ठेवला, आणि त्या तिन्हींना खरे मानायचे तर विवर बदलले असे म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हते.

वाद मात्र लवकर मिटला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन ज्योतिषी विल्यम हेन्री पिकरिंग याने असा दावा केला की ग्रहणात चंद्रावर अंधार आणि थंडी पसरते तेव्हा लिनेचा पांढरा ठिपका मोठा होतो, आणि त्याअर्थी तो हिमकणांचा थर असावा. जेथे वातावरण नाही, तेथे दंव कोठून पडणार, या प्रश्नाचे त्याचे उत्तर कोणाचेच समाधान करू शकले नाही. याच काळात, १८९३ मध्ये, ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने चंद्रविवरे ज्वालामुखीची नसून आकाशातून आदळलेल्या पिंडांनी झाली असावीत असा युक्तिवाद केला. तो ज्योतिष्यांनी बराच काळ मनावर घेतला नाही. तो मानला गेला असता, तर राखेने भरून गेलेल्या लिनेची कथा आपोआपच निकालात निघाली असती.

पण या चुकीच्या वार्तेने काय साधले, ते पाहिले पाहिजे. बेअर आणि मेडलर यांच्या नकाशाने जो झोपेचा अंमल बसवला होता, तो एका रात्रीत उतरला. १८६६ पूर्वी चंद्राकडे पाहणारे मोजके होते. नंतर हौशी निरीक्षकांचे थवेच्या थवे तयार झाले. १८७७ च्या मे महिन्यात कलोनच्या हेर्मान क्लाइनने हिगिनस विवराजवळ एक नवा खळगा दिसल्याचे जाहीर केले आणि पुन्हा तसाच गजबजाट उडाला. १८७८ मध्ये इंग्लंडात चंद्राच्या अभ्यासासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले, तेही बर्टच्याच पुढाकाराने. १८८१ मध्ये तो वारला आणि त्याच्यामागे ते मंडळही फार काळ टिकले नाही, परंतु १८९० मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या चंद्रविभागाने तोच वारसा पुढे चालवला. श्मिटने स्वतः १८७८ मध्ये दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे आपला प्रचंड चंद्रनकाशा प्रसिद्ध केला, ज्याचा व्यास सुमारे दोन मीटर आहे आणि ज्यावर त्याने ३२,८५६ विवरे मोजून घातली होती. दुसरी म्हणजे, चोपन्न वर्षे अपुरा राहिलेला लोरमानचा पंचवीस तुकड्यांचा संपूर्ण नकाशा संपादून छापवला. ज्याच्या नोंदीवर भरवसा ठेवून तो चुकला, त्याच मोजणीदाराचे अर्धवट दफ्तर त्याने पूर्ण करून जगापुढे ठेवले. १८८४ मध्ये अथेन्समध्ये त्याचे निधन झाले, आणि त्याच्या अंत्ययात्रेस ग्रीसचे राजा-राणी हजर होते.

जेव्हा १९६० च्या दशकात अमेरिकेच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांनी, आणि १९७१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अपोलो १५ च्या कक्षेतील कॅमेऱ्यांनी लिनेची छायाचित्रे घेतली, तेव्हा शतकभराच्या वादाचे जे दृश्य समोर आले ते अगदीच सामान्य होते. धारदार कडांचा, नितळ, ताजा खळगा. भोवती ताज्या खडकांच्या चुऱ्याचे पांढरे वलय. उद्रेकाचा, पुराचा, भराव पडल्याचा कोणताही मागमूस नाही. तथापि याच सामान्यपणामुळे शास्त्रज्ञांना ते मोलाचे वाटू लागले. चंद्रावरील बहुतेक विवरे नंतरच्या आघातांनी झिजलेली, ढासळलेली आहेत. लिने मात्र भूशास्त्रीय कालमानाने इतके नवे आहे की आघाताने तयार झालेले साधे विवर मुळात कसे असते याचा नमुना म्हणून ते वापरले जाते. २००९ मध्ये सोडलेल्या चंद्रपरिभ्रमण यानाने त्याची जी बारीक मोजणी केली, तिच्यात असे आढळले की पुस्तकांतून शिकवली जाणारी वाटीची उपमा त्याला लागू पडत नाही. टोक छाटून उलटा ठेवलेल्या शंकूसारखा त्याचा छेद आहे, आणि खोली सुमारे पाच-सहाशे मीटर. म्हणजे शतकभर ज्याचा आकार बदलला की नाही यावर भांडणे झाली, त्याच्या खऱ्या आकाराची नोंद आता कोठे दफ्तरी दाखल झाली आहे.

या मैदानात भारतीयांच्या ओळखीचे एक नाव अलीकडे येऊन बसले आहे. पूर्वी बेसेल अ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे आठ किलोमीटर व्यासाच्या विवराला १९७३ मध्ये विक्रम साराभाईंचे नाव देण्यात आले, आणि २०२० मध्ये चांद्रयान २ ने त्याची छायाचित्रे घेतली. परंतु लिनेशी खरे नाते आहे ते बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराचे. चंद्रावरील मैदानांप्रमाणेच बसाल्टच्या खडकात आघाताने खोदली गेलेली विवरे पृथ्वीवर अगदी थोडी आहेत, आणि लोणार त्यांतले सर्वांत अभ्यासले गेलेले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे लिनेहून थोडाच कमी; पण पृथ्वीवर पाऊस पडतो, ओढे वाहतात, वारा सुटतो, म्हणून कडा झिजली, तळ्याखाली सुमारे शंभर मीटर जाडीचा गाळ साठला, आणि आज काठावरून पाण्यापर्यंतची उतरण दीडशे मीटरच्या आसपास उरली आहे. सरोवराच्या पाण्याचा खारेपणा आणि गावातले दैत्यसूदनाचे देऊळ यांच्यामुळे लोणारची ख्याती पुराणांपर्यंत जाते. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ते पाहून त्याची नोंद केली, तेव्हापासून पुढील सुमारे दीडशे वर्षे बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या कागदोपत्री ते ज्वालामुखीचेच मुख राहिले. कारण दख्खनच्या पठाराचा सारा खडक ज्वालामुखीतूनच निघालेला असताना त्यातल्या खळग्याचे मूळ दुसरे काय असणार, हा तर्क फारसा कोणी तपासून पाहिला नाही. आघाताची शंका मधूनमधून व्यक्त होत होती. पण ठाम निकाल झाला तो तळात खोल छिद्रे पाडून काढलेल्या खडकांच्या तुकड्यांत, केवळ अतिप्रचंड आघाताच्या दाबानेच तयार होऊ शकते अशी काच आणि अशा भंगरेषा सापडल्या तेव्हा, आणि त्याविषयीचा निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा. म्हणजे अपोलोने लिनेचा सोक्षमोक्ष लावल्यानंतर दोनच वर्षांनी.